जमीन आधीच घेतली, मग आता करार कशाचा? कॅनडातली ट्रीटी, सोप्या भाषेत

माझी मावसबहीण कॅनडात सरीला राहते, व्हँकुव्हरच्या अगदी शेजारी. 2025 च्या उन्हाळ्यात तिची सिटिझनशिपची शपथ होती. आदल्या रात्री तिने मला शपथेचा मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला, एका ओळीखाली लाल रेघ मारून. ओळीचा अर्थ असा की मी कॅनडाचे कायदे पाळीन, आणि त्यात ते संविधानही आलं जे फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या तिथल्या आदिवासी लोकांचे मूळचे हक्क आणि ट्रीटी हक्क मान्य करतं. हे शब्द शपथेत 2021 मध्ये आले. तिचं म्हणणं, "अगं, उद्या मी हात वर करून हे बोलणार, पण ट्रीटी हक्क म्हणजे काय हे मला धड माहीतच नाही."

मग ऑगस्टमध्ये तिच्या शेजारच्या रिचमंड शहरातल्या काही जमिनीवर तिथल्या एका मूळ समाजाचा हक्क मान्य करणारा कोर्टाचा तो गाजलेला निकाल आला आणि तिच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला, आता लोकांची घरं जाणार, हे लोक सगळं परत मागणार वगैरे. तेव्हा म्हटलं एकदा बसून नीट लिहूनच काढू, कारण हा विषय अवघड कमी आणि लांबलचक जास्त आहे.

आधी तो शब्द

ट्रीटी म्हणजे तह. आपण शाळेत पुरंदरचा तह, सालबाईचा तह शिकलो, त्यामुळे तह म्हटलं की आधी लढाई आणि मग जो हरला तो किल्ले देतो असं चित्र डोळ्यासमोर येतं. इथे ते चित्र बाजूला ठेवा. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे कॅनडाच्या पश्चिम टोकाच्या प्रांतात, ज्या लोकांशी आज ट्रीटीची बोलणी चाललीत ते कुठल्या लढाईत हरले आणि जमीन लिहून दिली असं झालेलं नाही. म्हणून मी इथे करार हाच शब्द वापरते.

अजून दोन शब्द. फर्स्ट नेशन म्हणजे युरोपियन यायच्या आधीपासून तिथे राहणारा एकेक समाज, स्वतःची भाषा, स्वतःचे कायदे, स्वतःची हद्द असलेला. एकट्या ब्रिटिश कोलंबियात असे सुमारे 200 आहेत. आणि क्राउन म्हणजे सरकार, केंद्राचं आणि प्रांताचं दोन्ही, कागदोपत्री राजाच्या नावाने चालणारं.

कॅनडाच्या मधल्या भागात जुने करार झालेले आहेत. 1871 ते 1921 मध्ये एक ते अकरा नंबरचे करार झाले, कागद इंग्रजीत, आणि खाली बऱ्याच प्रमुखांच्या सहीच्या जागी फुली. त्यातल्या बहुतेकांत माणशी वर्षाला पाच डॉलर द्यायचं ठरलं होतं आणि ते आजही पाचच डॉलर मिळतात! कागदावर लिहिलंय की यांनी जमीन कायमची सोडून दिली, आणि त्या समाजांतले वडीलधारे पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की आमच्या माणसांनी जमीन वाटून वापरायला होकार दिला होता, सोडून द्यायला नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला त्यांना हे फार समजावून सांगायला नको.

ब्रिटिश कोलंबियात कागदच नाही

मुख्य मुद्दा इथे आहे. सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. शेत तुमच्या घराण्याकडे शेकडो वर्षं आहे. एक दिवस कुणीतरी येऊन कुंपण घालतो आणि पुढे सातबाऱ्यावर नाव त्याचं लागतं. तुम्ही विचारता, खरेदीखत दाखव. खरेदीखत नाहीच. बक्षीसपत्र, कोर्टाचा हुकूम, काहीच नाही. फक्त कुंपण आणि नाव.

ब्रिटिश कोलंबियाचा बहुतेक भाग असा आहे. गंमत म्हणजे 1763 मध्ये ब्रिटनच्या राजाने स्वतःच फर्मान काढलं होतं की या लोकांची जमीन कुणी परस्पर घ्यायची नाही, घ्यायची तर क्राउनने त्यांच्याशी रीतसर बोलून. पश्चिमेला मात्र 1850 ते 1854 मध्ये व्हँकुव्हर बेटावर 14 छोटे करार झाले, 1899 च्या करारात ईशान्येचा कोपरा आला, आणि बाकी सगळा प्रांत कराराशिवाय वसवला.

लोक गप्प बसले नव्हते. उत्तरेला नास नदीच्या खोऱ्यात निस्गा नावाचा समाज आहे, त्यांचे प्रमुख 1887 मध्ये समुद्रातून होडीने व्हिक्टोरियाला, प्रांताच्या राजधानीत गेले, आमच्या जमिनीचं बोला म्हणून. तिथले प्रीमियर (म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री), विल्यम स्मिथ, यांनी त्यांना सुनावलं की गोरे यायच्या आधी तुम्ही रानातल्या जनावरांपेक्षा फार बरे नव्हता. ते परत गेले. 1913 मध्ये थेट लंडनला अर्ज केला. मग 1927 मध्ये कॅनडाने कायदाच केला की जमिनीच्या दाव्यासाठी या लोकांकडून कुणी पैसे गोळा करायचे नाहीत, म्हणजे वकील लावायची वाटच बंद, आणि हा कायदा 1951 पर्यंत होता. चोवीस वर्षं! मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते, कारण जमीन घेणं एक आणि विचारायचीसुद्धा सोय ठेवायची नाही हे दुसरं.

शेवटी निस्गांचे फ्रँक काल्डर 1967 मध्ये कोर्टात गेले. 1973 मध्ये सुप्रीम कोर्टात ते तांत्रिक मुद्द्यावर हरले, पण सातातल्या सहा न्यायाधीशांनी मान्य केलं की युरोपियन यायच्या आधीपासून या लोकांचा जमिनीवर कायदेशीर हक्क होता. तो अजून शिल्लक आहे का यावर तीन-तीन अशी फाळणी झाली. हरलेल्या केसने सरकारला बोलणीच्या टेबलावर आणलं. पुढे 1982 च्या संविधानात कलम 35 आलं, त्यात मूळचे हक्क आणि करारातले हक्क दोन्ही मान्य केले.

बोलणी चालते कशी

मुंबई-पुण्यात ज्यांची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीये त्यांना हे पटकन कळेल. आधी सगळे मिळून ठरवतात की करायचं, मग कमिटी, मग सल्लागार, मग ऑफर, मग कार्पेट एरियावरून वर्षभर भांडण, मग सभासदांची सभा आणि मतदान, आणि एवढं होऊन करार रजिस्टर झाला तरी चावी हातात येईपर्यंत जीव टांगणीला.

ब्रिटिश कोलंबियात 1990 च्या सुमारास वातावरण फार तापलं होतं. त्याच उन्हाळ्यात तिकडे क्विबेकमध्ये ओका गावी गोल्फ कोर्स वाढवण्यावरून मोहॉक नावाच्या फर्स्ट नेशनचे लोक आणि पोलीस, नंतर लष्कर, 78 दिवस समोरासमोर उभे होते. त्यानंतर 1992 मध्ये समझोता झाला आणि 1993 पासून बीसी (म्हणजे ब्रिटिश कोलंबिया) ट्रीटी कमिशन काम करायला लागलं. हे कमिशन बिल्डर नाही की सोसायटी नाही, मधला माणूस आहे. त्यात पाच जण, दोन फर्स्ट नेशन्सच्या संघटनेने नेमलेले, एक केंद्राचा, एक प्रांताचा, आणि अध्यक्ष तिघांना मान्य असलेला. टेबलावरही तिघंच बसतात, केंद्र, प्रांत आणि तो समाज. प्रांत लागतोच कारण जमीन आणि जंगल त्याच्या ताब्यात, आणि निस्गांच्या बाबतीत तर केंद्राशी बोलणी 1976 ला सुरू झाली आणि प्रांत आला 1990 मध्ये, म्हणजे चौदा वर्षं ज्याच्या हातात जागा तोच गैरहजर.

पायऱ्या सहा. समाज लेखी कळवतो की आम्हाला बोलायचंय आणि आमची जुनी हद्द ही अशी. मग तिन्ही बाजू तयार आहेत का ते कमिशन बघतं. मग कशाकशावर बोलायचं ती यादी. चौथी पायरी तत्त्वतः कराराची, आणि गाडं अडतं ते बहुतेक इथेच, कारण आकडे इथे येतात, किती जमीन, किती पैसे, किती मासे. पाचवी अंतिम करार. त्यावर आधी समाजाचे सभासद मतदान करतात, मग प्रांताची विधानसभा, मग संसद. सहावी अंमलबजावणी, आणि ती कधी संपत नाही.

सभासदांचं मतदान नावापुरतं असतं असं समजू नका. प्रिन्स जॉर्ज शहराजवळच्या लेडली टेने समाजाने तयार झालेला करार 2007 मध्ये मत देऊन नाकारला, आणि 2018 मध्ये पुन्हा नाकारला.

टेबलावर नेमकं काय असतं

बातमीत जमीन आणि पैसे एवढंच येतं. खरा करार म्हणजे शेकडो पानांचा दस्त, त्यात शाळा, दवाखाना, जंगल, रस्ते, कर, कोर्ट, जुन्या वस्तू सगळं येतं.

निस्गांचा करार बघू. 1998 मध्ये मसुद्यावर आद्याक्षरं झाली, 11 मे 2000 ला लागू झाला, होडीच्या त्या फेरीपासून 113 वर्षांनी. त्यात त्यांना सुमारे 2,000 चौरस किलोमीटर जमीन मिळाली, म्हणजे तीन मुंबई मावतील एवढी, पण त्यांच्या जुन्या हद्दीच्या दहा टक्क्यांपेक्षाही कमी. सुमारे 19 कोटी डॉलर आणि स्वतःचं सरकार मिळालं. म्युझियममध्ये गेलेल्या त्यांच्या काही वस्तू परत द्यायचंही करारातच लिहिलं होतं आणि 2011 मध्ये त्यांनी त्यासाठी स्वतःचं म्युझियम उघडलं.

आणि मासे. नास नदीत सॅमन येतो आणि त्यांचं सगळं जगणंच त्याच्याभोवती. कराराने सॅमनमध्ये त्यांचा वाटा ठरवून दिला, पण नदीत मासे किती आले हेच माहीत नसेल तर वाटा कशाचा काढणार? त्यासाठी नदीवर फिशव्हील आहेत. आपलं रहाटगाडगं डोळ्यासमोर आणा, फक्त बैल नाही, प्रवाहच चाक फिरवतो आणि गाडग्यांच्या जागी जाळीच्या मोठ्या टोपल्या. वर चढणारा मासा टोपलीत येतो, घसरून पाण्याच्या हौदात पडतो, माणसं तो जिवंत उचलतात, मोजतात, खूण लावतात आणि परत नदीत सोडतात. किती धरायचे हे असल्या मोजणीवरून ठरतं. माझ्या मते करार म्हणजे हे आहे, वर्षानुवर्षं पाण्यात उभं राहून केलेली मोजणी, सह्यांचा फोटो नव्हे.

एवढा वेळ का लागतो

तीस वर्षांहून जास्त झाली आणि या कमिशनच्या वाटेने पूर्ण होऊन लागू झालेले करार फक्त तीन. 2009 मध्ये त्सवासन, 2011 मध्ये मा-नुल्थ (यात पाच समाज एकत्र) आणि 2016 मध्ये टलामिन. निस्गांचा या कमिशनच्या आधीपासून चाललेला, म्हणून वेगळा.

कारणं बरीच आहेत. एक पैसा. वकील, नकाशे, अभ्यास, सभा यांचा खर्च समाजाने करायचा आणि त्यातले 80 टक्के पैसे 2018 पर्यंत कर्जाऊ मिळायचे, तेही सरकारकडूनच. म्हणजे ज्याच्याशी वाटणीचं भांडण त्याच्याकडूनच उसने घेऊन वकील लावायचा, आणि बोलणी जितकी लांबेल तितकं कर्ज वाढणार, शेवटी मिळणाऱ्या रकमेतून ते कापून जाणार. कित्येक समाज असे अडकले की इकडे आड तिकडे विहीर, सही करवत नाही आणि उठताही येत नाही. 2019 च्या केंद्राच्या बजेटमध्ये ही कर्जं माफ करायला आणि ज्यांनी फेडली त्यांना परत द्यायला 140 कोटी डॉलरपर्यंत तरतूद झाली.

दुसरं कारण जास्त खोल आहे. सरकारला वर्षानुवर्षं एकच हवं होतं, की करार झाला की विषय संपला, उरलेल्या सगळ्या जमिनीवरचा हक्क तुम्ही सोडला असं लिहून द्या. आता विचार करा, तुम्ही घराण्याच्या दहा एकरांतलं एक एकर परत घेताय आणि वर लिहून द्यायचंय की बाकीच्या नऊवर आमचा कधी हक्कच उरला नाही. कुठल्या आजीने सही करावी यावर? 2019 मध्ये ब्रिटिश कोलंबियासाठी नवं धोरण ठरलं की हक्क संपवायचा नाही, मान्य करायचा, आणि करार वेळोवेळी सुधारता येईल असा करायचा. कोमॉक्स समाजाच्या सभासदांनी 2025 मध्ये त्यांच्या कराराला होकार दिला तो या बदललेल्या वातावरणात.

तिसरं म्हणजे शेजारी. दोन समाजांच्या जुन्या हद्दी एकमेकांत शिरलेल्या असतात, नदीच्या मुखाशी उन्हाळ्यात मासे धरायला चार-चार समाज यायचे, मग तिथली जमीन कुणाची? हे सोडवायला नकाशापेक्षा नात्यागोत्याची माहिती असलेली म्हातारी माणसं लागतात, आणि ती एकेक करून जातायत.

मग लोकांची घरं जाणार का?

आता रिचमंड. 7 ऑगस्ट 2025 चा निकाल काउइचन समाजाच्या बाजूने लागला, 500 हून जास्त दिवस सुनावणी चाललेली. कोर्टाने रिचमंडच्या एका भागात, सुमारे 800 एकरांवर, त्यांचा मूळचा मालकी हक्क मान्य केला आणि तिथल्या केंद्र सरकारच्या आणि महापालिकेच्या बऱ्याचशा मालकीपत्रांना सदोष ठरवलं. त्या हद्दीत खासगी मालकीच्या जागाही आहेत म्हणून घबराट. पण काउइचन लोकांनी खासगी मालकांची मालकीपत्रं रद्द करा अशी मागणीच केली नव्हती. कोर्टाने मालकीपत्रांबद्दलचा तो भाग 18 महिने थांबवून ठेवला आणि प्रांताला सांगितलं की खासगी जमिनींबद्दल बसून बोला. अपिलं झालीत. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, ज्याचं आयुष्यभराचं कर्ज त्या घरावर आहे त्याची झोप उडणारच. पण एक गोष्ट बघा, हा कोर्टाचा निकाल आहे, करार नाही. करारांच्या बोलणीत खासगी जमीन टेबलावर नसतेच, मालक स्वखुशीने विकत असेल तरच. म्हणजे ज्याला घराची काळजी आहे त्याने खरं तर बोलणी लवकर व्हावी म्हणून आग्रह धरायला हवा.

कोर्टच बरं की मग, एकदाच निकाल?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. गिट्कसान आणि वेत्सुवेतेन लोकांची केस घ्या, पहिल्या कोर्टात 374 दिवस. त्यांच्याकडे लेखी कागद नव्हते, त्यांचे दस्त म्हणजे घराण्याची गाणी आणि कथा, कोणतं घराणं कोणत्या नदीकाठी कधी आलं ते त्यात असतं. एक वयस्कर गिट्कसान बाई साक्षीत आपल्या घराण्याचं गाणं म्हणायला लागल्या तर न्यायाधीशांनी हरकत घेतली, मला गाण्याचा कान नाही, त्याचा मला उपयोग नाही अशा अर्थाचं काही बोलले. बाईंनी तरी गाणं म्हटलं. 1991 मध्ये ते हरले. सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये तो निकाल फिरवला आणि सांगितलं की तोंडी इतिहास हा पुरावा म्हणून धरलाच पाहिजे. पण जमीन कुणाची हे ठरवलं नाही, पुन्हा खटला चालवा किंवा, ते बरं, बोलणी करा म्हणाले. सरन्यायाधीश लामेर यांनी शेवटी लिहिलं की आपण सगळे इथेच राहणार आहोत, हे मान्य करू या. एवढं झाल्यावर थेट जमिनीवर मालकी मान्य झाली ती चिलकोटिन समाजाची, 2014 मध्ये. कोर्ट हक्क आहे की नाही एवढं सांगतं. शाळा कुणी चालवायची, मासे कसे मोजायचे, हे नाही सांगत.

देशात वेगळा देश होतोय का?

नाही. निस्गांच्या जमिनीवर कॅनडाचा फौजदारी कायदा चालतो, मूलभूत हक्कांची सनद चालते. भाषा, संस्कृती, स्वतःची जमीन यात त्यांचा कायदा वरचढ. आणि "हे लोक कर भरत नाहीत" हे जे सारखं ऐकू येतं त्याबद्दल, रिझर्व्हवरची (म्हणजे सरकारने या लोकांसाठी राखून ठेवलेल्या जागांवरची) जुनी करमाफी निस्गांनी करारातच टप्प्याटप्प्याने सोडली, खरेदीवरचा कर आठ वर्षांनी आणि बाकीचे बारा वर्षांनी लागू झाले. विरोध तेव्हाही भरपूर झाला. संसदेत रिफॉर्म पार्टीने 471 दुरुस्त्या मांडल्या आणि खासदार 42 तास सलग मतदान करत होते. प्रांतातले विरोधी पक्षनेते गॉर्डन कॅम्पबेल या कराराविरुद्ध कोर्टात गेले आणि हरले. तेच पुढे प्रीमियर झाले आणि त्सवासन करार त्यांच्याच सरकारने केला. माणसाचं मत टेबलावर बसल्यावर बदलू शकतं हे मला यात फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे असं काही आहे का?

करार या अर्थाने नाही. आपल्याकडे कायदा आहे, 2006 चा वनहक्क कायदा, आणि त्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तो कमी महत्त्वाचा नाही. पण फरक हा की कायदा संसद करते आणि संसदच बदलू शकते. करारात दोन बाजू असतात, एकीला वाटलं म्हणून तो बदलता येत नाही, आणि कॅनडात तर त्याला संविधानाचं कवच आहे.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, मग माझ्या घराखालच्या जमिनीचा करार कुठला? बघितलं. सरी म्हणजे केटझी, क्वांटलेन आणि सेमियामू या लोकांची जमीन, आणि तिघांपैकी कुणाशीही अजून करार झालेला नाही. "मग मी शपथ कशाची घेतली?" ती म्हणाली. मी तिला तो मजकूर पुन्हा काढायला सांगितला. त्यात ट्रीटी हक्कांच्या आधी मूळचे हक्क असा वेगळा शब्द आहे. तिच्या घराला लागू आहे तो हा पहिला शब्द.